वाकायचं तर दोघांनी

मी तायक्वांदोला लागले ती रागानं. तब्येतीसाठी नाही, स्वसंरक्षणासाठी तर मुळीच नाही.

नागपुरात नंदनवनातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी क्लास भरायचा. माझी भाची तिथं जायची आणि बहिणीची ड्युटी संध्याकाळची असली की तिला पोचवायचं काम माझ्याकडे यायचं. भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांवर आया. मुलं घामानं निथळत असायची आणि आया मोबाईलवर साड्या पाहत असायच्या. मधेच एखादी मान वर करून ओरडायची, "बेटा, पाय सरळ! अजून वर!" जिनं स्वतः आयुष्यात कमरेच्या वर पाय नेला नव्हता ती. मला त्या रांगेत बसायची लाज वाटायची. एक दिवस सर त्या रांगेकडे पाहून म्हणाले, "तुम्ही बी या ना मैदानात. खुर्च्या झिजून राहिल्या." सगळ्या खिदळल्या. सरांनी गंमत केली होती. मी उठले.

सरांना आधी वाटलं, मी पाणी प्यायला चालले. मी चपला काढून समोर उभी राहिले तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा खुर्च्यांकडे पाहिलं. "खरंच?"

"तुम्हीच म्हणालात."

"वय काय मॅडम?"

"बत्तिसावं लागलंय."

"मांगं जा. सगळ्यात मांगं."

सगळ्यात मागे पहिलीतली एक मुलगी उभी होती. मी तिच्याही मागे. ती वळून वळून माझ्याकडे पाहत होती. शेवटी तिनं विचारलंच, "काकू, तुम्ही कोणाच्या मम्मी?"

"कोणाचीच नाही."

"मग कायले आल्या?"

पहिले सहा महिने तर रोज संध्याकाळी तोच प्रश्न मला पडायचा. माझा पाय गुडघ्याच्या वर जात नव्हता. वळताना तोल जायचा. डोबोक म्हणजे तो पांढरा पोशाख, तो मुलांच्या मापातच मिळायचा. मोठा मागवला तर तो एखाद्या पैलवानाचा निघाला. मी लाथ मारली की चौथीतला एक पोरगा सरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "काकू, हे किक होती का झाडू मारून राहिल्या?" आणि ओळीच्या ओळी हसायच्या. मुलं निरागस असतात असं लिहिणाऱ्यांनी एकदा त्यांच्या मागच्या ओळीत पांढरा पट्टा बांधून उभं राहून पाहावं. मी त्या मुलांचा मनापासून द्वेष केला. माझी भाची तर महिन्याभरात क्लास सोडून गेली. "मावशीमुळे मला चिडवतात," असं तिनं घरी सांगितलं.

मी टिकले ती त्या ओळींमुळे.

तायक्वांदोत ओळ बेल्टप्रमाणे लागते. पुढे मोठा बेल्ट, मागे लहान. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल, काळा. वय, उंची, आडनाव, बाप कोण, गाडी कोणती, यातलं काही तिथं चालत नाही. नऊ वर्षांची हिरव्या बेल्टची मुलगी मला माझ्या मुठी कुठे धरायच्या ते सांगायची आणि मी ऐकायचे. ऐकावंच लागायचं. आज तिच्या मागे उभी असलेली मी उद्या तिच्या पुढे जाऊ शकत होते, आणि त्यासाठी मला कुणाच्या पोटी पुन्हा जन्म घ्यावा लागणार नव्हता. पाय वर न्यावा लागणार होता, बस.

मी पत्रकांच्या घरात वाढले. आजोबांनी छप्पन साली इथंच दीक्षा घेतली. वडील सरकारी कचेरीत कारकून होते आणि कचेरी सुटली की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. दिवाणावर बसून ते पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, घड्या घालायचे, वस्तीवस्तीत वाटायचे. आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं नव्हती असं नाही. ती कपाटात होती. पत्रकं जमिनीवर होती आणि मीही जमिनीवर रांगत होते. मी अक्षरं त्यांच्यावरून गिरवली. माणसाचा मोठेपणा जन्मावर नाही, कुणापुढे मान झुकवू नका, देवापुढे नको, साहेबापुढे नको, नवऱ्यापुढे तर नकोच. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. शाळेच्या नाटकात मी पाया पडायचा प्रसंग करायला नकार दिला तेव्हा बाईंनी वडिलांना बोलावलं. वडील आले, बाईंना एक पत्रक देऊन गेले.

म्हणून पहिल्या दिवशी "क्योंगने" हा शब्द ऐकून सगळे कमरेतून वाकले तेव्हा मी ताठ उभी राहिले. "चारयत" म्हणजे सावधान आणि "क्योंगने" म्हणजे वाकून नमस्कार, हे नंतर कळलं. ताठ उभी राहिल्यामुळेच मला ते दिसलं. सरही वाकले होते. हात मांड्यांना लावून, नजर खाली, आमच्याइतकेच. आम्ही वर आलो तेव्हा तेही वर आले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाहिलं. तिसऱ्या दिवशीही. हॉलमध्ये शिरताना, निघताना, एकमेकांना बडवायच्या आधी आणि बडवून झाल्यावर, प्रत्येक वेळी दोघंही वाकायचे. एकटं कुणीच वाकत नव्हतं. चौथ्या दिवसापासून मीही वाकायला लागले. मला कुणी जबरदस्ती केली नाही.

सर खापा गावचे. पंचेचाळिशीच्या आसपास, ठेंगणे, मांड्या लोखंडाच्या. नागपुरात येऊन शिकले आणि शिकवता शिकवता त्यांनी क्लास उभा केला. ते आमच्यातलेच होते. ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इथं आडनाव ऐकलं की विचारायची गरज उरत नाही. क्लासमधली बहुतेक मुलं आमच्यातली नव्हती. त्यांच्या आयांनाही सरांचं आडनाव ऐकून सगळं कळलेलंच असणार. तरी त्या "सर, सर" करत त्यांच्या मागे फिरायच्या आणि मला त्याचं बरं वाटायचं. हा माणूस फक्त पायांच्या जोरावर इथं उभा आहे, असं मी घरी वडिलांना सांगितलं होतं. ते खूश झाले होते.

वर्षं गेली. माझा पाय कमरेपर्यंत आला, मग छातीपर्यंत. झाडू म्हणणारा पोरगा दहावीत गेला आणि क्लासमधून गळाला. दहावी आली की सगळेच गळतात. ब्लॅक बेल्टची मुलं ट्यूशनला जातात आणि परत येत नाहीत. असं होता होता एके दिवशी माझ्यापुढे कुणी उरलं नाही. मी शेवटच्या लाल बेल्टवर होते आणि ओळीच्या तोंडाशी होते. तायक्वांदोत सगळ्यात पुढचा विद्यार्थी वर्गाला कमांड देतो. क्लास सुरू होताना तो ओरडतो, "चारयत!" आणि सगळे ताठ होतात. "क्योंगने!" आणि सगळे वाकतात, सरसुद्धा. ते काम आता माझं होतं. चाळीस पोरं माझ्या आवाजावर टाचा जुळवायची. मी त्यांच्या सोसायटीत साधी एखादी तक्रार घेऊन गेले असते तर ज्यांच्या आयांनी मला दारातच उभं केलं असतं, त्यांची पोरं.

आता फक्त ब्लॅक बेल्टची परीक्षा उरली होती. ती वर्षातून एकदाच, पावसाळ्यात व्हायची आणि परीक्षेला नाव सरच पाठवू शकत होते. त्याच उन्हाळ्यात माझा उजवा गुडघा सुजला. धंतोलीतल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि मला विचारलं, "हे काय वय आहे का लाथा मारायचं?" मी म्हटलं, "वयाचं सोडा, गुडघ्याचं सांगा." ते चिडले. म्हणाले, हे वर्ष निघेल, पुढच्या वर्षी उडी मारता येणार नाही, आणि मारलीत तर माझ्याकडे येऊ नका. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही. सरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग यंदाच. पाठवतो नाव. फिकर नका करू." माझ्या मागे आठवीतली एक मुलगी उभी राहायची, तीही परीक्षेला बसणार होती. आम्ही दोघी रोज क्लास सुटल्यावर थांबून सराव करायचो. ती मला काकूच म्हणायची, पण लाथ मारताना काकू विसरून मारायची.

आणि मग क्लासच्या ग्रुपवर तो मेसेज आला.

ग्रुप एका आईनं काढला होता. तिला सगळे अॅडमिन मॅडम म्हणायचे. त्यांचा मुलगा दोन वर्षं पिवळ्यावरच होता, पण त्यांचा स्वतःचा दर्जा फार वरचा होता. मेसेज असा: गुरुपौर्णिमेला आपण सर्व मिळून सरांची पाद्यपूजा करणार आहोत. परात, पाट आणि फुलांची व्यवस्था झाली आहे. मुलांना डोबोकमध्ये पाठवावे. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. मी विचारलं, "सरांना हे मान्य आहे का?" उत्तर म्हणून अजून हात जुळले. मी पुन्हा विचारलं. अॅडमिन मॅडमनी लिहिलं, "मॅडम, ही आपली संस्कृती आहे. तुम्ही विहारात वाकता ना?" मी लिहिलं, "तिथं पाय धुवून घ्यायला कुणी बसलेलं नसतं." त्यानंतर थेट संध्याकाळी कुणीतरी भाजीच्या गाडीवाल्याचा नंबर टाकला.

सरांना मी गेटपाशी गाठलं. ते गाडी काढत होते.

"सर, ते पाय धुण्याचं खरं आहे का?"

"मी नाही म्हटलं होतं. लोकं प्रेमानं करून राहिले."

"मग नाही म्हणा."

"काहून म्हणू?"

"तुम्ही आणि मी, आपण दोघांनी हे विचारायचं?"

त्यांनी गाडीची चावी पुन्हा खिशात टाकली. इकडेतिकडे पाहिलं. एरवी क्लासमध्ये ते माझ्याशी जसं बोलायचे तसं ते बोलले नाहीत. "माहा आजा खाप्याले यायच्यासारख्याच लोकायच्या वावरात राबे. पाणी पाह्यजे तं ओंजळ करा लागे. वरून ओतत. भांड्याले बोट लागलं तं भांडं घासत. माह्या बापानं सवताच्या डोळ्यानं पाह्यलं ते. आता त्याच लोकायचे नातू सवताहून माह्या पायाले हात लावतीन. सवताहून! अन् तुम्ही मले म्हणता, पाय मांगं घे?"

याला आमच्या घरातल्या कुठल्याही पत्रकात उत्तर नव्हतं. त्यांचे डोळे भरले नव्हते, ते रागानं लाल झाले होते. तरी मी म्हणाले, कारण ते न म्हणता मी तिथून गेले असते तर मला झोप लागली नसती. "सर, पाय बदलले. वाकणं तेच राहिलं."

"सोपं आहे तुम्हाले. तुमचा बाप नोकरीत होता. रिकाम्या वेळात क्रांती करे. मी याच्यावर जगतो." त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

"मग मला सांगा, पहिलीतल्या एखाद्या पोरीनं तुमचे पाय धुतले तर ती काय शिकेल? तिच्या आजोबाची चूक तिनं फेडायची का?"

"तुम्ही लय बोलता मॅडम."

"तुम्ही रोज आमच्यासमोर वाकता. त्याच्यामुळे मीही वाकायला लागले. त्याच्यामुळे टिकले."

"ते कोरियाचं हाये. हे इथलं हाये." ते गाडीवर बसले. "आता आयका. ओळीत पुढच्या तुम्ही. पह्यले तुम्ही वाकान, मंग बाकीचे. तुम्हीच उभ्या राहिल्या तं पोरं काय पाहतीन? नाव पाठवायचं आहे मले अजून. ध्यानात ठेवा." आणि गेले.

म्हणजे भाव ठरला होता. एकदा वाकायचं, बदल्यात काळा बेल्ट.

घरी मी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. "तुले बेल्ट पाह्यजे का भांडण?"

"दोन्ही."

"दोन्ही कोणालेच नाही भेटत वं." मग जरा थांबून म्हणाली, "त्याची बी गोष्ट खोटी नाही." आई पत्रकं वाचत नाही. ती वडिलांचं लिखाण ऐकून ऐकून थकलेली आहे. गुरुपौर्णिमेलाच, म्हणजे आषाढी पौर्णिमेला, विहारात भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो, त्या दिवसासाठी तिनं पांढरं लुगडं इस्त्रीला दिलं होतं. "तू येशीन ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मीही पांढऱ्यातच असेन, पण हॉलमध्ये.

त्या संध्याकाळी हॉल धुऊन काढला होता. उदबत्तीचा वास, उकाडा आणि पंखे नुसते फिरत होते. समोर शाळेच्या मुख्याध्यापकांची उंच पाठीची खुर्ची आणून ठेवली होती. सर तिच्यावर बसले होते. अंगात डोबोक, कमरेला काळा बेल्ट, गळ्यात झेंडूचा हार. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पाय स्टीलच्या परातीत, परातीत पाणी, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या. मी त्यांना त्या खुर्चीत कधी पाहिलं नव्हतं. क्लासमध्ये ते कधी बसायचेच नाहीत. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मुलं ओळीनं मांडी घालून बसली होती. पहिलीतून आता सातवीत गेलेली ती मुलगी हातात तांब्या घेऊन तयार होती. तिला अॅडमिन मॅडमनी पाणी ओतायला नेमलं होतं. त्या स्वतः मोबाईल आडवा धरून उभ्या होत्या. "चला, सगळ्यात सिनियर पहिले. या मॅडम. बसा खाली. नाही नाही, गुडघ्यावर बसा, व्हिडिओत चेहरा आला पाहिजे."

मी गेले. माझं ठरलं होतं ते एवढंच की पुढे जाऊन उभं राहायचं आणि परत फिरायचं. काही बोलायचं नाही, तमाशा करायचा नाही. पण मी परातीसमोर उभी राहिले, सरांनी मान वर केली, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की ते वाट पाहताहेत. माझी नव्हे. ते त्या क्षणाची वाट पाहत होते, आजोबांपासून. तो क्षण त्यांना द्यायला मी वाकणार नव्हते आणि तो त्यांच्याकडून काढून घ्यायलाही माझा हात उठेना. मागून कुजबुज सुरू झाली. "बसा ना मॅडम, पोरं खोळंबली." तांब्यावाली मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी बसले तर ती ओतणार होती.

मी वळले आणि ओरडले, "चारयत!"

हॉलमध्ये चाळीस पोरांच्या टाचा एकदम आपटल्या. मांड्या घातलेली पोरं स्प्रिंगसारखी उभी राहिली, हात मांड्यांना. तांब्या खाली पडला. मी सरांकडे वळले.

"क्योंगने!"

मी वाकले. माझ्यामागे सगळी मुलं वाकली. आणि समोर सर उभे राहिले. परातीतच. त्यांनी विचार केला नाही, तेवढा वेळच नव्हता. वीसेक वर्षं ती कमांड ऐकली की जे शरीर उठतं ते उठलं. हात मांड्यांना लावले, नजर खाली केली आणि ते वाकले, आमच्याइतकेच. हार पुढे लोंबला. त्यांच्या वजनानं परात एका बाजूला उचलली गेली आणि पाणी, पाकळ्या, हळदकुंकू सगळं फरशीवरून वाहत अॅडमिन मॅडमच्या पैठणीपर्यंत गेलं.

"अगं बाई! माझी साडी! सर, हे काय, तुम्ही काहून उठले? व्हिडिओ बिघडला. पुन्हा करा, पुन्हा करा!"

पोरं हसायला लागली. आधी एक, मग सगळी. सर सरळ झाले. खाली पाहिलं. परातीत उभ्या उभ्या त्यांना कळलं काय झालं ते. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला आनंद झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं.

"बाहेर," ते म्हणाले. एवढंच.

मी बाहेर गेले. पायऱ्यांवर चपला घालताना आतून फरशीवरचं पाणी काढल्याचा आवाज आला, मग परात ठेवल्याचा, मग अॅडमिन मॅडमचा, "हं, आता तू ये बेटा." म्हणजे पाय धुतले गेले. एकेक करून सगळ्यांनी धुतले. हे मी लपवणार नाही. माझ्या कमांडमुळे काही थांबलं नाही. एवढंच झालं की त्या आधी एकदा ते आमच्यासमोर वाकले.

आठवड्यानं सरांचा फोन आला. नावं पाठवायला दोन दिवस उरले होते.

"गुडघा कसा हाये?"

"आहे."

"पालक लय चिडले होते. मी सगळ्यायचं पाहून घेतलं." ते थांबले. "आपण एक करू. पुढच्या वर्षीपासून तुम्ही त्या दिवशी येऊच नका. तुमच्यापुरती सूट. कोणी काही म्हणणार नाही. फक्त उद्या पोराईले सांगा का कमांड चुकून गेली. सवय हाये, तोंडातून निघून गेली, असं. मी आजच नाव पाठवतो."

मी खिडकीत बसले होते. गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. खरं सांगायचं तर मी लगेच नाही म्हटलं नाही. मला तो बेल्ट हवा होता. लोकांना वाटतं तत्त्वाची माणसं कशाचीच हाव धरत नाहीत. मी इतकी वर्षं फक्त त्या एका काळ्या पट्ट्याची हाव धरली होती. आणि सर मागत काय होते? एक वाक्य. तेही पोरांसमोर, जी उद्या विसरून जातील.

पण ती विसरणार नव्हती. त्यांना मी काहीही सांगितलं तरी त्यांनी पाहिलं होतं की कमांड दिली की सर वाकतात. खुर्चीत असले तरी. ते चुकून झालं असं मी सांगितलं की ते खरंच चुकून झालेलं ठरणार होतं. आणि सूट! आमच्या घरात सूट या शब्दावरच एक अख्खं पत्रक आहे. तुमच्यापुरती सूट म्हणजे बाकीच्यांनी वाकत राहायचं.

"सर, कमांड चुकून गेली नव्हती."

"मले माहीत हाये. तुम्ही फक्त म्हणा."

"आणि तुम्ही वाकलात तेही चुकून नव्हतं."

मग ते म्हणाले, "आंग वाकलं माहं. मी नाही वाकलो."

"अंगाला तुम्हीच शिकवलंत ना?"

"मंग नाव नाही जाणार."

"ठीक आहे."

"विचार करा. मांगून मले बोल लावू नका."

"बोल लावणारच आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आठवीतली मुलगी परीक्षेला बसली आणि पास झाली. तिच्याबरोबर सरावाला मी शेवटपर्यंत थांबले. तिचा काही दोष नव्हता. परीक्षेच्या दिवशी मी घरी होते. वडील म्हणाले, तू बरोबर केलंस, आणि ते यावर एक पत्रक लिहायला बसले. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. काही गोष्टी माझ्या मी लिहीन म्हटलं.

क्लास मी सोडला नाही. सोडला असता तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. मला काढायला सरांकडे कारण नव्हतं, किंवा असेल, पण त्यांनी काढलं नाही. आता ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीही. खुर्च्यांवरच्या आया मला पाहून आवाज खाली आणतात. डॉक्टर खरे ठरले. उडी मारून मारायची लाथ आता मला येत नाही, आणि तिच्याशिवाय ब्लॅक बेल्ट होत नाही. हे सरांनाही माहीत आहे. मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांच्या आजोबांच्या ओंजळीची गोष्ट खरी आहे म्हणून तर नाहीच. ज्याच्या घरात ती ओंजळ होती त्यानं परात ठेवायला नको होती.

परवा क्लास सुटल्यावर ते दाराला कुलूप लावत होते. मी लंगडत पायऱ्या उतरत होते.

"पस्तावा होते का?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"होतो. बेल्टचा होतो. रोज होतो."

"अन् त्या दिवसाचा?"

"नाही."

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. "अॅडमिन मॅडम विचारून राहिल्या, यंदा काय करायचं."

"तुम्ही काय सांगितलं?"

"अजून काही नाही सांगितलं."

"सांगाल तेव्हा मलाही सांगा. मी येणार आहे त्या दिवशी. घरी बसणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे. गाडी सुरू करून निघून गेले. पौर्णिमा जवळ आली आहे. ग्रुपवर अजून काही आलेलं नाही. मी रोज पाहते.